कूटप्रश्न आणि उमेदवार : जासईच्या निमित्ताने एक विचार

१

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारास कोडे घालावयाचे आणि त्याच्या उत्तरावरून त्याच्या बुद्धीची पारख करावयाची, ही रीत आता आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विद्यार्थी तिच्याकडे अभ्यासाचा एक विषय म्हणून पाहतात. बाजारात कोड्यांची पुस्तके मिळतात, ती पाठ केली जातात, आणि पाठ केलेले कोडे समोर आले नाही म्हणजे नशिबाला बोल लावला जातो. प्रस्तुत लेखात या रीतीचा इतिहास थोडक्यात पाहून तिचे भाषिक स्वरूप तपासावयाचे आहे. कूटप्रश्नाची खरी अडचण बहुधा गणितात नसते. प्रश्नकर्त्याने गृहीत धरलेल्या, परंतु उच्चारून न दाखविलेल्या संकेतात ती असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हे मान्य झाल्यास कोडे सोडविण्याची रीत आणि कोडे घालणाऱ्याची जबाबदारी या दोहोंविषयी आपल्याला काही निश्चित बोलता येईल.

हा विचार जासईच्या निमित्ताने का करावा, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. पनवेल आणि उरण यांच्या दरम्यानचे हे गाव शेतकरी चळवळीचे एक केंद्र म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. पनवेलचे प्रतिनिधित्व दीर्घकाळ करणारे दि. बा. पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी येथेच झाला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातखाचरे आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात पुढे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदरामागोमाग गोदामे आली, मालवाहतुकीच्या कंपन्या आल्या, आणि थोड्याच अंतरावर संगणकक्षेत्रातील कचेऱ्या उभ्या राहिल्या. ज्या कुटुंबात जमिनीवर काम करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती, त्या कुटुंबातील मुलांना अर्ज, परीक्षा आणि मुलाखत यांच्या वाटेने कामापर्यंत जाणे एका पिढीच्या अवधीत भाग पडले. मुलाखतीतील एका प्रश्नाला येथे जे मोल आहे ते यामुळे आहे. जमिनीच्या बदल्यात जे मिळावयाचे, त्यातला मोठा भाग या एका दारातून मिळावयाचा असतो.

या दाराशी निगडित असलेले दोन्ही मराठी शब्द परक्या मुलुखातून आलेले आहेत. ‘मुलाखत’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ नुसती भेट. पेशवाईतील कागदपत्रांत सरदारांची वा वकिलांची मुलाखत होते तेव्हा ती दोघांची भेट असते. एकाने प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्याने उत्तरे द्यावीत असा अर्थ तेथे नाही. ‘उमेदवार’ हा फारसी शब्द. उमेद बाळगणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत पगाराविना काम करीत, एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्यास उमेदवार म्हणत, आणि ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रयोगात तो अर्थ अद्याप टिकून आहे. म्हणजे पूर्वीचा उमेदवार काम करून दाखवीत असे आणि आजचा उमेदवार उत्तर देऊन दाखवितो. पूर्वीच्या पद्धतीत वशिल्याला भरपूर वाव होता हे खरे, आणि म्हणून तिच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. तथापि, काम पाहून पारख करण्याऐवजी उत्तर ऐकून पारख करणे हा एक मोठा पालट आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

२

कूटप्रश्नाची आपली स्वतःची परंपरा समृद्ध आहे. ‘उखाणा’ म्हणजे आज आपल्याला पतीचे वा पत्नीचे नाव गुंफलेली यमकबद्ध ओळ आठवते. परंतु या शब्दाचा जुना अर्थ कोडे असाच आहे, आणि ग्रामीण बोलींतून तो अजूनही ऐकू येतो. कोकणात त्याच अर्थाने ‘हुमाण’ हा शब्द आढळतो. घरातील वस्तू, शेतातील पीक, आकाशातील चंद्र यांचे आडवळणाने वर्णन करून त्यांची नावे विचारावयाची, हे त्याचे स्वरूप. येथे उत्तर तर्काने क्वचितच सापडते. बहुधा ते ऐकून ठाऊक असते. परंतु उखाणा घालणारा आणि सोडविणारा एकाच गावचे, एकाच स्वयंपाकघराचे आणि एकाच शिवाराचे असल्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. शिवाय आज ज्याला उत्तर आले नाही, तो तेच कोडे उद्या दुसऱ्याला घालू शकतो.

याच परंपरेचे प्रौढ रूप भेदिक लावणीत दिसते. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. एक शक्तीला श्रेष्ठ मानणारा, दुसरा शिवाला. त्यांच्यातील सवाल-जवाब रात्रभर चालत. पुराणे, सृष्टीची उत्पत्ती, देह आणि आत्मा यांविषयीचे कूट एका पक्षाने टाकावयाचे आणि दुसऱ्याने ते उकलून उलट सवाल करावयाचा. फडाची प्रतिष्ठा या सामन्यावर अवलंबून असे. म्हणून हे सवाल केवळ करमणुकीचे नव्हते. परंतु या रीतीचा प्राण परस्परतेत होता. जो विचारी त्याला उत्तर देण्याची पाळी येई, आणि निवाडा करणारा श्रोतृसमुदाय दोघांनाही सारखाच ओळखत असे. व्यासांनी गणेशाला महाभारत सांगताना मध्ये मध्ये कूटश्लोक घातले ही कथाही येथे आठवण्यासारखी आहे. लेखणी थांबणार नाही, ही गणेशाची अट; आणि अर्थ कळल्यावाचून लिहावयाचे नाही, ही व्यासांची. कूट आहे, पण ते दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या करारात बसविलेले आहे.

तिसरा प्रकार शास्त्रीय गणिताचा. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ इ. स. ११५० चा, त्यातील ‘लीलावती’ हा भाग उदाहरणांनी नटलेला आहे. त्याच्या अध्ययनाची महाराष्ट्रातील साक्ष चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात सापडते. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या या लेखात यादव राजा सिंघण याच्या दरबारचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. लेखाच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला द्यावयाच्या वस्तूंचे तपशील आहेत, म्हणून मराठीच्या अभ्यासकांनाही तो परिचित आहे. लीलावतीतील एक प्रसिद्ध उदाहरण कमळाचे आहे. तळ्यातील कमळ पाण्यावर अर्धा हात आहे. वाऱ्याने ते कलत कलत मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर तळ्याची खोली किती? काटकोन त्रिकोणाचा नियम ठाऊक असणारास पावणेचार हात हे उत्तर काढता येते. येथे लपविलेले काही नाही. जेवढे लागते तेवढे प्रश्नातच दिलेले आहे, आणि उत्तर बरोबर की चूक हे गुरूला न विचारताही पडताळून पाहता येते.

ही परंपरा आपल्या काळापर्यंत पोहोचली आहे. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म दाखवून दिला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. हीच क्रिया येणाऱ्या बाकीवर पुनःपुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. ही क्रिया संगणकाकडून करवून घेण्याचा प्रश्न आज नव्या उमेदवारांना घालतात. तो घालण्यास हरकत नाही, कारण नियम पुरता सांगितलेला असतो.

या तीन प्रकारांवरून न्याय्य कूटप्रश्नाची तीन लक्षणे सांगता येतात. एक, संकेत उभयपक्षी सारखा असावा. दोन, प्रश्न उलटविण्याची मुभा असावी. तीन, उत्तरास लागणारी सामग्री प्रश्नात असावी. उखाण्यात पहिले लक्षण ठळक आहे, सवाल-जवाबात दुसरे आणि लीलावतीत तिसरे. यांपैकी एकही नसेल, तर त्या प्रश्नाला कोडे म्हणण्यापेक्षा चकवा म्हणणे अधिक युक्त होय.

३

संकेत उभयपक्षी सारखा नसला म्हणजे काय होते, याचे नोकरीच्या इतिहासातील एक बोलके उदाहरण १८६९ सालचे आहे. मेकॉले समितीच्या १८५४ च्या अहवालानंतर सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धापरीक्षा लंडन येथे १८५५ पासून सुरू झाली. नेमणुका वशिल्याने न होता गुणांवर व्हाव्यात हा तिचा हेतू. १८६९ च्या परीक्षेत जे हिंदी तरुण उत्तीर्ण झाले, त्यांत बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे होते. या दोघांचीही नावे वयाच्या प्रश्नावरून यादीतून काढण्यात आली.

बॅनर्जींचा जन्म नोव्हेंबर १८४८ मधला. १८६३ च्या अखेरीस प्रवेशपरीक्षेच्या वेळी त्यांनी आपले वय १६ असे नोंदविले होते. त्या वेळी त्यांना पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे चालू होते, आणि देशी रिवाजाप्रमाणे चालू वर्ष सांगण्यात काही वावगे नव्हते. लंडनच्या आयुक्तांनी मात्र १६ याचा अर्थ सोळा पूर्ण असा घेतला आणि त्या हिशेबाने ते वयोमर्यादेपलीकडे गेले. प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयापुढे गेले. हिंदी वयोगणनेचा रिवाज तेथे मांडण्यात आला. आणि अखेर दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली.

‘तुमचे वय काय?’ हा कूटप्रश्न नव्हे. परंतु प्रश्नकर्त्याचा संकेत एक आणि उत्तर देणाऱ्याचा दुसरा असला, म्हणजे साधा प्रश्नही कूट होतो, हे या प्रकरणावरून दिसते. मराठीत ‘सोळावे लागले’ आणि ‘सोळा पूर्ण झाली’ हा भेद बोलीतच आहे. कागदावर नुसता १६ हा आकडा उतरला की तो नाहीसा होतो. त्या तरुणांचे गणित चुकले नव्हते. त्यांना परक्या संकेतात मोजण्यात आले होते, आणि तो संकेत बोलून दाखविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

४

मुलाखतीतील कोडे या अर्थाने कूटप्रश्नाचा उगम विसाव्या शतकातील अमेरिकेत शोधावा लागतो. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सैनिकांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार झाल्या आणि सुमारे सतरा लाख माणसांना त्या लावण्यात आल्या. या कसोट्यांतील कित्येक प्रश्न अमेरिकेतील बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तू आणि तेथील खेळाडू ठाऊक असल्यावाचून सुटणारे नव्हते. तरीही त्यांतून निघालेल्या गुणांस बुद्धीचे माप मानण्यात आले. १९२१ साली टॉमस एडिसन यांनी नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांना घातलेली सुमारे दीडशे प्रश्नांची यादी वृत्तपत्रांतून फुटली. त्यांतील ध्वनीच्या वेगाविषयीचा प्रश्न आइनस्टाईन यांना विचारण्यात आला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

कोड्यांना खरी प्रतिष्ठा मिळाली ती अर्धवाहकांच्या धंद्यात. ट्रान्झिस्टरच्या शोधातील एक भागीदार विल्यम शॉक्ले हे १९५७ च्या सुमारास आपल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेसाठी माणसे निवडताना हातात घड्याळ धरून कोडी घालीत. त्यांतले एक कोडे असे : बाद पद्धतीच्या टेनिस स्पर्धेत १२७ खेळाडू आहेत, विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती? फेरीगणिक मोजत बसणारास वेळ लागतो. प्रत्येक सामन्यात एकच खेळाडू बाद होतो आणि १२६ जण बाद व्हावयाचे आहेत, हे ज्याला दिसले त्याला १२६ हे उत्तर क्षणात मिळते. पुढे संगणकप्रणाली बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ही रीत उचलली, आणि त्यांच्या मागोमाग ती पुणे, मुंबई, नवी मुंबई येथील कचेऱ्यांत आली.

शॉक्लेच्या कोड्याकडे जासईहून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. आगरी-कोळी गावांत कबड्डीचे वेड मोठे. ज्या तरुणाने गावच्या मैदानावर बाद पद्धतीचे सामने भरविले आहेत, त्याला संघांच्या संख्येतून एक वजा केला की सामन्यांची संख्या मिळते, हे अनुभवाने ठाऊक असते. पंचांचे मानधन आणि दिव्यांचे भाडे त्याने त्याच हिशेबावर ठरविलेले असते. तोच प्रश्न वातानुकूलित खोलीत, इंग्रजीत, टेनिसच्या भाषेत आणि घड्याळ लावून विचारला म्हणजे त्याला तो अपरिचित वाटतो. येथे नेमके काय मोजले गेले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या पद्धतीने माणसांची पारख साधते काय, याचे उत्तर तिच्या पुरस्कर्त्यांनीच दिले आहे. गुगल कंपनीत माणसांच्या नेमणुकीचे काम पाहणारे लास्लो बॉक यांनी २०१३ साली कबूल केले की, अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय; त्यांवरून पुढील कामाविषयी काहीही सांगता येत नाही. व्यापक संशोधनाचा कलही याच दिशेचा आहे. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांतील अभ्यासांची फेरतपासणी केली. मुलाखतीतील मूल्यांकन आणि पुढील प्रत्यक्ष काम यांतील सहसंबंध, पूर्ण मेळ म्हणजे १ असे धरल्यास, आखीव मुलाखतीत ०.४२ आणि मोकळ्या मुलाखतीत ०.१९ इतका त्यांना आढळला. आखीव मुलाखत म्हणजे जीत सर्व उमेदवारांना कामाशी संबंधित असे तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून आधी ठरविलेल्या मापाने गुण दिले जातात ती.

५

आता कूटप्रश्नाच्या भाषिक घडणीकडे वळू. संभाषणाविषयीच्या आधुनिक विचारात पॉल ग्राइस यांच्या १९६७ च्या व्याख्यानांना महत्त्वाचे स्थान आहे. बोलणारे एकमेकांशी सहकार्य करीत असतात. आवश्यक तेवढी माहिती देतात, विषयास धरून बोलतात आणि संदिग्धता टाळतात. याच विश्वासावर ऐकणारा न बोललेला अर्थ भरून काढतो. चकव्याचा प्रश्न हा विश्वास वापरतो आणि ऐन वेळी तो काढून घेतो.

‘वर्षातील किती महिन्यांना २८ दिवस असतात?’ हा नेहमीचा प्रश्न घ्यावा. उमेदवार ‘एक’ म्हणतो आणि परीक्षक हसून ‘बारा’ म्हणतो. कारण प्रत्येक महिन्यात २८ दिवस असतातच. ‘एक’ म्हणणाराचे काही चुकलेले नसते. ‘मला दोन भाऊ आहेत’ असे कोणी म्हटले तर आपण दोनच असे समजतो. पाच भाऊ असतानाही ते विधान तर्कदृष्ट्या खोटे ठरत नाही, पण तसे कोणी बोलत नाही. मराठीपाशी हा भेद दाखविण्यासाठी एक लहानसे पण कुशल साधन आहे, ते म्हणजे ‘च’. ‘२८ दिवस’ आणि ‘२८च दिवस’ यांत सगळे कोडे सामावले आहे. म्हणून योग्य उत्तर ‘एक’ही नव्हे आणि ‘बारा’ही नव्हे; ‘२८ की २८च?’ असा प्रतिप्रश्न, आणि मग दोन्ही अर्थांची दोन उत्तरे, हेच योग्य उत्तर होय.

काही कोड्यांतला संकेत भाषेत नसून वस्तूंत असतो. रस्त्यावरील भुयारी गटारांची झाकणे गोल का, हा एका अमेरिकन कंपनीमुळे प्रसिद्ध झालेला प्रश्न. गोल झाकण कसेही फिरविले तरी आपल्या भोकातून खाली पडत नाही, चौकोनी झाकण कर्णाच्या बाजूने पडू शकते, हे अपेक्षित उत्तर. परंतु आपल्या गावांत व शहरांत चौकोनी झाकणेही पदोपदी दिसतात. ज्याने ती पाहिली आहेत त्याच्या मनात ‘झाकणे गोल असतात काय?’ हाच प्रश्न आधी यावा, हे स्वाभाविक आहे. दुसरे कोडे तीन बटणांचे : बंद खोलीत एक दिवा, बाहेर तीन बटणे, खोलीत एकदाच जाऊन कोणते बटण दिव्याचे ते सांगा. पहिले बटण बराच वेळ चालू ठेवून बंद करावे, दुसरे चालू करावे आणि आत जाऊन न पेटलेला दिवा गरम लागतो का ते पाहावे, हे उत्तर. हे कोडे तारेच्या दिव्याच्या काळातले आहे. तो दिवा हाताला चटका देई. आजचा एलईडी दिवा त्या मानाने फारच कमी तापतो. त्याच्याच उजेडात वाढलेल्या मुलाला उष्णतेची आठवण झाली नाही, तर तो मंदबुद्धी ठरत नाही.

उलट, स्थानिक अनुभव उपयोगी पडावा असे प्रश्नही असतात. अंदाज बांधण्याच्या प्रश्नांचा वर्ग असाच आहे. जवाहरलाल नेहरू बंदरातून दिवसाला किती कंटेनरांची ये-जा होत असेल, असे विचारले तर २०२४-२५ सालची सुमारे ७३ लाखांची वार्षिक उलाढाल ज्याला ठाऊक आहे, तो ३६५ ने भागून रोजचे २०,००० असे सांगेल. परंतु ज्याच्या घरातील माणूस गोदामात काम करतो त्याला आणखी एक गोष्ट माहीत असते : हे ७३ लाख म्हणजे वीस फुटी एकके होत, चाळीस फुटी कंटेनर एकच असला तरी हिशेबात दोन धरला जातो. सगळे कंटेनर चाळीस फुटी असते, तर रोजची संख्या १०,००० झाली असती. तेव्हा खरे उत्तर या दोन संख्यांच्या मध्ये कोठे तरी आहे. येथे कोडे सोडविणे म्हणजे एकक कोणते हे ओळखणे.

यावरून उमेदवाराने अवलंबावयाची रीत स्पष्ट होते. प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा सांगावा. जो शब्द दोन अर्थांचा वाटेल तो तेथेच विचारून घ्यावा. उत्तर कोणत्या दोन मर्यादांच्या आत असले पाहिजे ते आधी ठरवावे. विचाराच्या पायऱ्या मोठ्याने सांगाव्यात, म्हणजे शेवटची पायरी चुकली तरी आधीच्या वाया जात नाहीत. लहान संख्या घेऊन पाहावी. १२७ खेळाडूंऐवजी तीन किंवा चार घेतले की सूत्र दिसू लागते. आणि उत्तर मिळाल्यावर ते पडताळावे. याखेरीज बोलीविषयीही एक शब्द सांगावासा वाटतो. आगरी बोलीत ‘ण’ च्या ठिकाणी ‘न’ आणि ‘ळ’ च्या ठिकाणी ‘ल’ येतो. हा त्या बोलीचा नियम आहे. तर्काच्या शुद्धाशुद्धतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मोठ्याने विचार करावयास लावणाऱ्या परीक्षकाने ‘पानी’ ऐकून उमेदवाराच्या बुद्धीविषयी मत बनविले, तर तो कोड्याची नव्हे, उच्चाराची परीक्षा घेत असतो.

६

संकेत विचारून घेणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ जासईच्या इतिहासातच आहे. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले आणि १९९० नंतर त्याची योजना अमलात आली.

आता हाच प्रश्न गणिताच्या रूपाने घालून पाहावा. एका शेतकऱ्याची एक एकर जमीन गेली; साडेबारा टक्क्यांच्या योजनेत त्याच्या हाती किती भूखंड येईल? एकराचे गुंठे ४०. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. उत्तर ५ गुंठे. शाळेत हे उत्तर बरोबर ठरेल. योजनेत मात्र त्या साडेबारातील ३० टक्के हिस्सा सामाजिक सुविधांसाठी वजा होतो आणि प्रत्यक्ष हाती येतात ते पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्याबरोबर साडेतीनची ‘औटकी’ही पाठ करवून घेत. ज्या वृद्धांना ती येत होती त्यांना एकरागणिक औट गुंठे हा हिशेब बोटांवर करता आला असेल. परंतु औट हा आकडा पाढ्यांतून निघत नाही. तो निघतो ‘साडेबारा टक्के कशाचे, आणि त्यांतून काय वजा?’ या प्रतिप्रश्नातून. कोडे हसण्यावारी नेता येते. हे नेता येत नाही, कारण पाच आणि साडेतीन यांतील दीड गुंठा हा एखाद्या कुटुंबाच्या घराचा प्रश्न असतो.

मुलाखतीतही जे पणाला लागते ते याच जातीचे आहे. म्हणून प्रश्नकर्त्यावर काही बंधन असावे हा विचार आपल्या न्यायव्यवस्थेनेही केला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात दीडशे गुणांपैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते; प्रत्येक विद्यार्थ्यास दोन-तीन मिनिटे मिळाली आणि प्रश्न विषयास सोडून होते अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या अखेरीस दिलेल्या निकालात इतका मोठा हिस्सा मनमानीचा ठरविला आणि अशा निवडीत तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण नसावेत असे मत दिले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट ‘ब’ मधील अराजपत्रित आणि गट ‘क’ व ‘ड’ मधील पदांसाठी मुलाखतच रद्द केली. सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर कोड्याचे दार अशा रीतीने बंद झाले. खाजगी क्षेत्रात ते उघडेच आहे, आणि जासईच्या मुलांना आज ज्या नोकऱ्या दिसतात त्यांतील पुष्कळशा याच क्षेत्रात आहेत.

या विषयात भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना करण्यासारखे बरेच काम आहे. मुलाखतीतील कूटप्रश्न बहुतांशी तोंडी असल्यामुळे त्यांचे संकलन झालेले नाही. उरण-पनवेल पट्ट्यातील उमेदवारांना विचारले गेलेले प्रश्न, ते ज्या भाषेत विचारले गेले ती भाषा, आणि उमेदवाराने प्रथम दिलेले उत्तर, एवढी तीन टिपणे पद्धतशीरपणे जमविली तरी संकेतभेदाचा एक चांगला संग्रह तयार होईल. त्याच्याच जोडीला गावातील वृद्ध स्त्रियांकडून जुने उखाणे व हुमाणे उतरून घ्यावीत. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून पाहिल्यास कोणते प्रश्न तीन लक्षणांच्या कसोटीस उतरतात आणि कोणते केवळ चकवे आहेत, हे उदाहरणांनिशी सांगता येईल. आणि जे परीक्षक म्हणून खुर्चीवर बसतात, त्यांत आपल्यापैकीही अनेकजण आहेत, त्यांना आपले प्रश्न त्या कसोटीवर घासून घेता येतील.